पोराचं औत



आमच्या फिडरवर एक आठवडा दिवसाची लाइट असते आणि एक आठवडा रात्रीची. रात्रीची पाळी म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. गेल्या माघात अशीच पाळी होती. उसाची दारं धरून पहाटे दोनच्या सुमाराला मी घरी आलो. पाय गारठलेले, डोक्याला मफलर, हातात बॅटरी. बघतो तर माडीवरच्या खोलीत उजेड. आमचा धाकटा जागा होता.

खरं सांगतो, मला राग आला. आपण चिखलात उभं राहायचं आणि यानं रात्र रात्र कॉम्प्युटरवर गेम खेळत बसायचं! पोरगा चोवीस वर्षांचा. पुण्याला एका कंपनीत अठरा हजारांची नोकरी चालून आली होती, ती घ्यायला टाळाटाळ चाललेली. 'मी गेम बनवतो,' एवढंच सांगायचा. बनवतो का खेळतो, हे आम्हां अडाण्यांना कसं कळावं? ते त्यालाच ठाऊक, असं मी त्याच्या आईजवळ कितीदा बोललो होतो.

तसाच चिखलाच्या पायांनी माडीवर गेलो. म्हणालो, "आज सोक्षमोक्ष लावू. काय करतोस ते दाखव मला."

पोरगं घाबरलं नाही. खुर्ची सरकवून म्हणालं, "बसा अण्णा. पण पाय धुऊन या आधी."

मी पाय धुऊन आलो आणि बसलो, तो कोंबडं आरवेपर्यंत. त्या रात्री मला जे कळलं ते आज तुम्हांला सांगणार आहे. कारण तुमच्याही घरात असं एखादं पोर असेल. चित्रं काढणारं, मोबाइलवर काहीबाही बनवणारं, आणि 'मला हेच करायचं' म्हणून हट्ट धरणारं. त्याला नाही म्हणायचं का हो म्हणायचं, हा तुमचा प्रश्न. पण त्याच्या हातातलं अवजार कसलं आहे आणि कुणाचं आहे, हे आधी विचारून घ्या. मी ते विचारलं नव्हतं आणि त्याची किंमत घरच्या लक्ष्मीच्या पाटल्यांनी मोजली. ती गोष्ट पुढं येईलच.

मला वाटायचं, गेम म्हणजे कारखान्यातनं निघणारी वस्तू. शेकडो माणसं, मोठं ऑफिस, परदेशी कंपनी. तसेही गेम असतातच. पण एकट्या माणसानं घरात बसून बनवलेले गेमही असतात, आणि त्यांना गिऱ्हाईकही असतं. आपल्याकडं नाही का, साखर कारखानाही असतो आणि बांधावरचं गुऱ्हाळही असतं, तसंच हे. मात्र गुऱ्हाळावर निदान आठ-दहा माणसं लागतात. इथं ऊस तोडणारा तोच, चरख्यात घालणारा तोच, चुलवाणापुढं बसणारा तोच आणि ढेपा बांधणाराही तोच.

म्हणजे चार निरनिराळी कामं, आणि चारी कामांना चार निरनिराळी अवजारं. पोरानं ती मला एकेक करून दाखवली.

पहिलं चित्र काढायचं. त्याच्याजवळ एक काळी पाटी आहे आणि एक पेन. पाटीवर पेन फिरवलं की पडद्यावर रेघ उमटते. हलकं दाबलं तर बारीक रेघ, जोरानं दाबलं तर जाड. ही पाटी चार हजारांची. पण रेघ कुंचल्याची उमटायची का खडूची, रंग पातळ का दाट, हे ठरवणारं अवजार म्हणजे पडद्यामागचा प्रोग्रॅम. तो वापरतो त्याचं नाव कृता. स्वीडनच्या भाषेत या शब्दाचा अर्थ खडू. देशोदेशींच्या लोकांनी मिळून १९९९ सालापासून हा प्रोग्रॅम वाढवत आणला आहे. त्यात शेकड्यांनी कुंचले आहेत. पोरगा त्यातले फक्त पाच वापरतो. मी विचारलं, "बाकीचे?" तर म्हणाला, "अण्णा, अवजारांच्या खोलीत तुमची पंधरा खुरपी आहेत. हातात कोणतं असतं?" मी गप्प बसलो. आमचं एकच खुरपं, मूठ झिजलेलं. त्याच्याशिवाय हात चालत नाही.

दुसरं काम मूर्ती घडवायचं. चित्र सपाट असतं, पण खेळातलं घर, विहीर, बैल चारी बाजूंनी बघता यायला हवेत. त्यासाठी ब्लेंडर नावाचा प्रोग्रॅम आहे. कुंभार मातीचा गोळा चाकावर चढवतो, तसा हा पडद्यावर एक ठोकळा घेतो. ओढायचा, दाबायचा, कापायचा, आणि होता होता त्याचा बैल होतो. मग त्या बैलाच्या अंगात हाडांचा सांगाडा घालायचा, म्हणजे तो चालू लागतो. बैलाचं चालणं जमेना म्हणून हा महिनाभर आमच्या सर्ज्याच्या मागं मोबाइल घेऊन हिंडत होता. लोक हसायचे. मीही हसायचो. कारण कळल्यावर माझं हसू थांबलं.

तिसरं काम सगळ्यात अवघड. चित्रं झाली, बैल झाला, पण पाणी कधी सुटायचं, लाइट कधी जायची, चुकलं तर काय व्हायचं, हे नियम कोण पाळणार? त्याला इंजिन म्हणतात. आपल्या मोटरीचं इंजिन नव्हे हं. हे इंजिन म्हणजे खेळाचा सगळा कारभार सांभाळणारा दिवाणजी. पोरगा वापरतो त्या इंजिनाचं नाव गोदो. दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या दोघांनी ते आधी आपल्या कामापुरतं केलं आणि २०१४ साली सगळ्या जगाला मोकळं करून दिलं.

आणि चौथं काम आवाजाचं. पाटातल्या पाण्याचा, मोटर सुरू झाल्याचा, रात्री टिटवी ओरडल्याचा. हे आवाज तो मोबाइलवर धरून आणतो आणि ऑडॅसिटी नावाच्या प्रोग्रॅममध्ये साफ करतो. धान्य वाऱ्यावर उपणावं तसा नको तो खरखराट काढून टाकतो. मी ऐकत होतो. एकदम कुणीतरी खाकरलं. म्हटलं, हे कोण? तर तो मीच! मला न विचारता पोरानं माझं खाकरणं खेळात घातलेलं.

कारण त्याचा खेळच पाळीचा आहे. रात्रीची लाइट आली आहे, ती पहाटे जाणार. तेवढ्यात सगळ्या सऱ्या भिजवायच्या. पाट फुटतो, फ्यूज उडतो, शेजारी पाणी वळवतो. वर्षानुवर्षं आपण जे सोसतो, त्यात खेळण्यासारखं काही असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी एक चूक मात्र दाखवली. म्हणालो, "तुझ्या सरीतलं पाणी चढाकडं चाललंय." त्यानं कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवसापासून मी त्याचा परीक्षक झालो आहे, बिनपगारी.

तुम्ही म्हणाल, शेतीचा खेळ कोण घेणार? मीही हेच म्हणालो. तेव्हा त्यानं मला अमेरिकेतल्या एका माणसाची हकिकत सांगितली. ती ऐकण्याजोगी आहे.

एरिक बॅरोन त्याचं नाव. राहणार अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला. २०११ साली कॉम्प्युटरची पदवी घेतली, पण नोकरी मिळेना. हात बसावा म्हणून एक लहानसा गेम करायला घेतला. लहानपणी त्यानं जपानचा एक शेतीचा खेळ खेळला होता, तसा आपण करावा म्हणून. काही महिन्यांचं काम म्हणता म्हणता साडेचार वर्षं गेली. संध्याकाळी एका नाटकगृहात लोकांना जागा दाखवायचं काम करायचा. घरखर्च बराचसा त्याच्या सोबतिणीच्या कमाईवर चालायचा. चित्रं त्याचीच, गाणी-वाजवणी त्याचीच, गोष्ट त्याची आणि कारभाराचे नियमही त्याचेच. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी 'स्टारड्यू व्हॅली' हा त्याचा खेळ बाजारात आला. शहरातल्या कंपनीत कंटाळलेलं एक पोर आजोबांच्या पडीक रानात परत येतं आणि ते रान उभं करतं, अशी त्याची कथा. २०२४ संपता संपता या खेळाच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या.

मी तो खेळून बघितला. त्यात पहिलं पीक मुळ्यासारख्या एका कंदाचं, आणि ते चार दिवसांत काढणीला येतं! म्हटलं, बाबा, असलं बियाणं मिळालं तर आम्हांलाही कळव. पण एक गोष्ट त्यानं बरोबर धरली आहे. हंगाम बदलला की उभं पीक वाळून जातं. वेळ चुकली की माफी नाही.

आता माझा मुद्दा अवजारांचा. या बॅरोननं कोणती भारी अवजारं वापरली म्हणता? चित्रांसाठी पेंट डॉट नेट नावाचा फुकट मिळणारा साधा प्रोग्रॅम. गाण्यांसाठी रीझन नावाचा एक विकतचा प्रोग्रॅम. आणि खेळाच्या कारभारासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीचं एक्सएनए नावाचं साहित्य. यातला एक्सएनएचा भाग ध्यानात ठेवा. खेळ पुरा होण्याआधीच कंपनीनं त्यावरचं काम बंद केलं. कंपनीला त्यात राम वाटेना, विषय संपला. पण काही मंडळींनी त्याच घडणीचं मोनोगेम नावाचं मोकळं साहित्य उभं केलं होतं. पुढं २०२१ साली बॅरोननं आपला खेळ त्यावर हलवला. ते नसतं तर? कोट्यवधींचा खेळ, आणि त्याचं औत बंद पडलेल्या कारखान्याचं!

इथं पोरगा थांबला. बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, माझंही असंच झालं होतं. तुम्हांला सांगितलं नाही."

वाचकहो, ही आमच्या घरची गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका क्लासला आम्ही त्याला घातला होता. फी नव्वद हजार. सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं, आल्याला त्या साली भाव नव्हता. शेवटी त्याच्या आईनं हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या आम्ही गहाण टाकल्या. क्लासवाल्यांनी शिकवलं, नाही असं नाही. पण जे शिकवलं ते एकाच भाड्याच्या प्रोग्रॅमवर. त्याचं भाडं वर्षभर क्लास भरत होता. कोर्स संपला, तसं भाडं बंद झालं. पोरगा घरी आला, कॉम्प्युटर उघडला, तर त्याची स्वतःची चित्रं त्याला उघडता येईनात! वर्षभराचं काम एका विशिष्ट कुलपात, आणि किल्ली दरमहा पैसे भरल्याशिवाय मिळणार नाही. शेत आपलं, घाम आपला, पीक आपलं, पण कोठाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. कोर्सच्या आधी हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

तालुक्याच्या एका दुकानदारानं त्याला म्हटलं, पाचशे रुपयांत चोरून टाकून देतो. टाकून दिलंही. त्याबरोबर कीड आली आणि उरलंसुरलंही गेलं. चोरीची पेंड जनावराला पचत नाही, म्हणतात ते खोटं नव्हे.

तीन महिने पोरगा गप्प होता. आम्हांला वाटलं, शहरातून आल्यावर करमत नसेल. पाटल्यांकडं बघून त्याला तोंड उघडवत नव्हतं. मी त्या दिवसांत त्याला दोनदा आळशी म्हणालो होतो. ते आठवून आजही माझी मान खाली जाते.

म्हणून सांगतो, अवजार मिळण्याच्या वाटा किती आणि कोणत्या, हे आईबापांनी समजून घ्यावं. वापरायला जमलं नाही तरी चालेल, पण एवढं कळायला हवं. मी माझ्या समजुतीप्रमाणं तीन वाटा सांगतो.

पहिली वाट भाड्याची. दरमहा किंवा दरसाल पैसे भरा आणि वापरा. फोटोशॉप हे चित्रांचं नावाजलेलं अवजार पूर्वी एकदा विकत घेतलं की कायमचं आपलं असायचं. २०१३ साली ॲडोबी कंपनीनं ठरवलं की यापुढच्या नव्या आवृत्त्या भाड्यानंच द्यायच्या. यात बेकायदा काही नाही, आणि ज्याला महिन्याचं काम महिन्याला मिळतं त्याला ते परवडतंही. आपणही कापणीला मशीन भाड्यानंच आणतो. पण कमाई सुरू व्हायच्या आधी भाडं सुरू झालं, तर बी पेरण्याआधी व्याज सुरू झाल्यासारखं होतं.

दुसरी वाट वाट्याची. अनरिअल नावाचं एक मोठं इंजिन आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा आपल्या पुराणकथांवरचा खेळ २०२० साली काढला, तो याच इंजिनावर. त्याची रीत अशी की खेळ करणाऱ्याकडून आधी पैसे घेत नाहीत. खेळाची विक्री दहा लाख डॉलरच्या वर गेली, तर वरच्या रकमेवर शंभराला पाच त्यांचे. ही आपली बटाईच झाली, आणि त्यातल्या त्यात बरी बटाई. फक्त करारातला शब्द न् शब्द वाचावा लागतो.

कारण मालकाचा विचार बदलू शकतो. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या कंपनीनं जाहीर केलं की ठरावीक टप्पा ओलांडलेल्या खेळांवर, कुणी आपल्या यंत्रावर खेळ उतरवून घेतला की दर खेपेला पैसे घेऊ. आधीच बाजारात असलेल्या खेळांनाही ते लागू होणार होतं. विहिरीवर मोटर बसवून देणाऱ्यानं पाच वर्षांनी येऊन म्हणावं की आता दर पाटामागं पैसे टाका, तसा हा प्रकार. जगभर ओरड झाली. थोड्याच दिवसांत कंपनीनं अटी सैल केल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम साफ मागं घेतला. पण मधल्या वर्षात कितीएक लहान कारागिरांनी आपलं बिऱ्हाड हलवलं. पुष्कळजण गोदोकडं आले.

तिसरी वाट आपल्या ओळखीची आहे. तिला आपण इर्जिक म्हणतो, पैरा म्हणतो. कुणाची नांगरट अडली की गावातली औतं एका रानात उतरतात, दिवसभरात काम फत्ते करतात आणि संध्याकाळी सगळे मिळून जेवतात. ब्लेंडरची हकिकत अगदी अशी आहे. नेदरलँड्स देशातल्या टॉन रोझेंडाल या गृहस्थांनी ते घडवलं. त्यांची कंपनी २००२ साली बुडाली आणि अवजार भांडवलदारांच्या कुलपात गेलं. रोझेंडालनी लोकांना हाक दिली की एक लाख युरो जमवले तर हे सोडवून आणता येईल. सात आठवड्यांत लोकांनी पैसे जमवले. ऑक्टोबर २००२ मध्ये ब्लेंडर मोकळं झालं. आता ते कुणीही घ्यावं, वापरावं, आतली रचना उघडून बघावी, सुधारावी आणि दुसऱ्याला द्यावं. एकच अट, सुधारलेलं अवजार दुसऱ्याला दिलंत तर त्यालाही तोच हक्क द्यायचा.

हे कसलं सूत्र, असं मी पोराला विचारलं आणि उत्तर माझं मलाच सुचलं. घरचं बियाणं! आजी गाडग्यात राख घालून वाघ्या घेवड्याचं बी ठेवायची. ते पेरा, वाढवा, पुन्हा ठेवा, शेजारणीला पसाभर द्या. दिल्यानं आपलं कमी होत नाही. दरसाल पाकीट फोडायला दुकानात जावं लागत नाही. कृता, ब्लेंडर, गोदो हे असलं बियाणं आहे.

आणि ते फुकट म्हणून हलकं, असंही समजू नका. लाटव्हिया नावाच्या चिमुकल्या देशातल्या गिंट्स झिलबालोडिस या तरुण दिग्दर्शकानं एका मांजराची गोष्ट सांगणारा 'फ्लो' नावाचा बोलपट काढला. बोलपट म्हणायचं एवढंच, त्यात एकही शब्द नाही. तो सबंध ब्लेंडरवर घडवला, आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळालं. मोठमोठ्या कंपन्यांचे चित्रपट त्या पंगतीला होते.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी एकतर्फी बोललो असं व्हायचं.

मोकळं अवजार फुकट असलं तरी शिकायला लागणारे दिवस फुकट नाहीत. ब्लेंडरवर हात बसायला आमच्या पोराला वर्ष गेलं. शिवाय यंत्र बरं लागतं. आणि मोठ्या कंपनीत नोकरी करायची तर तिथलं जे अवजार असेल ते यावंच लागतं. तिथं 'माझं घरचं बियाणं' चालत नाही. म्हणून पोरांनी मूळ कला शिकावी. उजेड कुठून पडतो, बैलाचा पाय कसा उचलला जातो, बघणाऱ्याची नजर कुठं जाते. हे ज्याला आलं तो कोणतंही औत धरील. तिफण बदलली तरी मूठ चाड्यावर धरायची रीत तीच.

दुसरी गोष्ट राखणीची. आपल्याकडं लाइट कशी येते-जाते ते ठाऊक आहेच. एकदा व्होल्टेज चढलं आणि कॉम्प्युटरमधली डिस्क जळाली. सहा महिन्यांचं काम त्यात होतं. मला वाटलं, संपलं सगळं. पण पोरगा एकदा पोळला होता, आता शहाणा झालेला. तो गिट नावाचं साधन वापरतो. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली ते तयार केलं. गिट म्हणजे रोजकीर्द. आज कामात काय बदललं, का बदललं, हे दररोज लिहून ठेवायचं. चुकलं तर गेल्या मंगळवारचं काम जसंच्या तसं परत मिळतं. त्या कीर्दीची एक प्रत लांबच्या यंत्रावर आणि एक त्याच्या मामाच्या घरी. बियाण्याचं एक गाडगं माहेरी ठेवावं तसं. चार दिवसांत काम पुन्हा उभं राहिलं.

तिसरी गोष्ट बाजाराची. स्टीम नावाची एक मोठी पेठ आहे. तिथं दर खेळामागं आधी शंभर डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतले साधारण शंभराला तीस ती पेठ ठेवते. पूर्वी आपण अडत देत होतो, ती काहीच नव्हे. इच डॉट आयओ नावाची दुसरी पेठ आहे, तिथं पेठेला किती द्यायचं हे विकणाराच ठरवतो. पण तिथं गिऱ्हाईक थोडं. शेवटी बाजार तो बाजार. बॅरोनसारखा एखादाच निघतो. बाकी पुष्कळांचे खेळ येतात आणि कुणी न बघता पडून राहतात. कोबीची गाडी मार्केटात नेऊन भाडंही न सुटल्याचं दुःख ज्यानं भोगलं आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून त्या पहाटे आम्ही बापलेकांनी एक करार केला. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत मुदत. तोवर घरचं दोन वेळचं जेवण माझं, वीजबिल त्याचं. सुगीत रोज सकाळी तो रानात यायचा. मध्ये मध्ये बाहेरची चित्रांची कामं घ्यायची. आमच्या भावकीतल्या एकानं गुळाच्या पेटीवरचं लेबल काढून घेतलं, त्याचे सहा हजार मिळाले. पोरानं ते आईच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "पाटल्यांचे." पाटल्या आम्ही गेल्या साली आल्याच्या पैशात सोडवल्या आहेत, हे त्याला ठाऊक होतं. तरी आईनं पैसे घेतले. न घेण्यानं त्याचा अपमान झाला असता.

दिवाळीपर्यंत खेळ पुरा करून पेठेत ठेवायचा. चालला तर उत्तम. नाही चालला तर पुण्याची वाट धरायची, आणि त्याबद्दल मी त्याला एक शब्दही बोलणार नाही. पीक गेलं म्हणून शेतकऱ्याला कुणी आळशी म्हणत नाही. मग पोराला मी का म्हणावं?

तुम्हांला माझी एवढीच विनंती. पोर काही शिकायचं म्हणालं की फी किती, एवढंच विचारून पदरातले पैसे सोडू नका. तीन प्रश्न विचारा. कोर्स संपल्यावर हे अवजार तुझ्या हातात राहणार का? तुझं काम दुसऱ्या अवजारात उघडता येतं का? आणि याच्या जागी मोकळं काही मिळतं का? क्लासवाल्याला याची उत्तरं देता आली नाहीत, तर चहा घेऊन परत या. आणि चौथा प्रश्न स्वतःला विचारा. आपण त्याच्याजवळ एक रात्र तरी बसलो आहोत का?

या आठवड्यात पुन्हा रात्रीची पाळी आहे. काल मी निघालो तर पोरगा बॅटरी घेऊन मागं. म्हणाला, "अण्णा, चढाचं पाणी कसं वळवता ते नीट बघायचंय." दोघं मिळून दारं धरली. लाइट गेली तेव्हा शेवटच्या दोन सऱ्या कोरड्याच राहिल्या होत्या.

तो म्हणाला, "खेळात असं झालं तर पुन्हा पहिल्यापासून."

मी म्हणालो, "इथं उद्या रात्री."